लडाखहून लोह्याला येणारं मत

२३ नोव्हेंबर २०२४. नांदेड लोकसभेच्या पोटनिवडणुकीची मतमोजणी. खासदार वसंतराव चव्हाण यांच्या निधनानं रिकाम्या झालेल्या जागेसाठी काँग्रेसचे रवींद्र चव्हाण आणि भाजपचे संतुकराव हंबर्डे समोरासमोर. दोघांनाही पावणेसहा लाखांहून जास्त मतं. आणि निकालाचा फरक किती? अवघा १,४५७! सहा विधानसभा मतदारसंघांवर वाटून पाहा, प्रत्येकाच्या वाट्याला अडीचशेही येत नाहीत.

आता जरा थांबा आणि एका गोष्टीचा विचार करा. अशा अटीतटीच्या मोजणीत काही मतं अशी असतात, जी देणारा माणूस मतदानाच्या दिवशी नांदेडात नसतो, महाराष्ट्रातही नसतो. तो लडाखच्या थंडीत पहाऱ्यावर असतो, अरुणाचलात रस्ता बांधत असतो, छत्तीसगडच्या जंगलात तळावर असतो, नाहीतर एखाद्या परदेशी राजधानीतल्या भारतीय दूतावासात फायली हाताळत असतो. तरी त्याचं मत देगलूरच्या, मुखेडच्या, नायगावच्या मतांत मिसळतं आणि तितक्याच वजनानं मोजलं जातं.

हे होतं कसं? माणूस दोन हजार किलोमीटरवर, मतदान केंद्र गावच्या जिल्हा परिषद शाळेत. बंदूक खाली ठेवून गाडी पकडावी, तर सीमेवर कोण उभं राहणार? या साध्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी आपल्या देशानं जी यंत्रणा उभी केली आहे, ती पाहिली की थक्क व्हायला होतं. तिची सुरुवात संगणकापासून होत नाही. ती होते कायद्यातल्या एका कल्पनेपासून.

मतदार यादीत नाव यायला तुम्ही त्या जागी राहणारे असावे लागता. कायद्याच्या भाषेत तिथले ‘सर्वसाधारण रहिवासी’. आता सैनिकाचं काय? तो आज राजौरीत, दोन वर्षांनी तेजपूरला, मग जैसलमेरला. तो कुठला रहिवासी? लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० चं कलम २० यावर जे सांगतं ते फार सुंदर आहे. हा माणूस नोकरीत नसता, तर जिथं राहिला असता, तिथंच तो राहतो असं मानायचं. म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याचा जवान सियाचीनच्या बर्फात उभा असला तरी कायद्याच्या नजरेत तो लोह्यातच राहतो! परगावी गेलेल्या माणसाच्या वाटणीचं ताट घरातली बाई झाकून ठेवते, तशी कायद्यानं त्याची गावातली जागा राखून ठेवली आहे.

आणि त्यासाठी पुरावा काय मागितला जातो? वीजबिल? घरपट्टीची पावती? त्याच कलमात लिहिलं आहे की आपण कुठले रहिवासी आहोत याबद्दल अशा मतदारानं ठरलेल्या नमुन्यात केलेलं निवेदन, उलट पुरावा समोर आला नाही तर, खरं धरायचं. आपण साध्या दाखल्यासाठी कागदांची चळत घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढतो. इथं मात्र कायदा आधी शब्दावर विश्वास ठेवतो.

हा मान कोणाकोणाला मिळतो? भूदल, नौदल आणि हवाईदल तर आलंच. शिवाय ज्या दलांना सैनिकी कायद्याच्या तरतुदी लागू केल्या आहेत ती दलं, म्हणजे सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, इंडो-तिबेट सीमा पोलीस, आसाम रायफल्स वगैरे. सीमेवर रस्ते बांधणाऱ्या संघटनेतला ‘ग्रेफ’चा माणूसही त्यात आहे. हिंगोलीच्या राज्य राखीव पोलीस बलातला जवान महाराष्ट्राबाहेर नेमणुकीवर असेल, तर तोही. आणि भारत सरकारच्या नोकरीत परदेशी नेमलेले कर्मचारी. या सगळ्यांना ‘सेवा मतदार’ म्हणतात. साध्या बोलण्यात ‘सर्व्हिस वोटर’.

त्यांच्याबरोबर नेमणुकीच्या ठिकाणी राहणारा जोडीदारही सेवा मतदार होतो. इथं अलीकडे एक छोटा पण मोठ्या अर्थाचा बदल झाला. कायद्यात पूर्वी फक्त ‘पत्नी’ होती. सैन्यात असलेल्या बाईच्या नवऱ्याला ही सोय नव्हती, कारण कायदा लिहिला गेला तेव्हा तसा विचारच कोणाच्या मनात आला नव्हता. २०२१ च्या दुरुस्तीनं ‘पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ आला. लातूरची एखादी लेक सैन्यात अधिकारी असेल, तर तिच्यासोबत राहणारा तिचा नवराही आता टपालानं मत देऊ शकतो.

तुमच्या गावची मतदार यादी कधी शेवटपर्यंत चाळली आहे का? सगळ्या भागांच्या याद्या संपल्यावर एक अगदी शेवटचा भाग असतो. तो या सेवा मतदारांचा. त्यात फोटो नसतात. या मतदारांना आपल्यासारखं मतदार ओळखपत्रही दिलं जात नाही. त्यांची ओळख पटवतं त्यांचं दल. जवान नमुना क्रमांक २ भरतो, युनिटमधला अधिकारी तो तपासतो, मग तो दलाच्या अभिलेख कार्यालयातून, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसातून, गावच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे येतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचं रेकॉर्ड बेळगावात, तोफखान्यातल्या जवानाचं नाशिक रोडला. म्हणजे कंधारचा पोरगा जम्मूत बसून अर्ज भरतो, त्याची खातरजमा नाशकात होते आणि नाव चढतं लोहा मतदारसंघाच्या यादीत.

नाव चढलं. आता खरी शर्यत सुरू होते, आणि ती घड्याळाशी असते.

मतपत्रिका केव्हा छापता येते? कोण कोण उभं आहे हे पक्कं झाल्यावर. म्हणजे अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर. त्याआधी छापली तर ती निरुपयोगी, कारण शेवटच्या तासात दोघांनी माघार घेतली की नावंच बदलतात. आणि माघारीनंतर मतदान किती दिवसांनी? कायदा म्हणतो, निदान चौदाव्या दिवशी किंवा त्यानंतर. पूर्वी हे अंतर वीस दिवसांचं होतं. १९९६ मध्ये ते चौदावर आणलं. प्रचाराचा काळ आटोपशीर झाला, पण दूर उभ्या असलेल्या जवानाचे सहा दिवस गेले.

त्या काळचा प्रवास डोळ्यासमोर आणा. नांदेडात मतपत्रिका छापायची, लिफाफ्यात घालायची, सैनिकी टपालात टाकायची. पत्त्यावर सैनिकी टपाल कार्यालयाचा क्रमांक, ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. तिथून रेल्वे, ट्रक, कधी हेलिकॉप्टर, कधी खेचर, तेव्हा कुठे चौकी. जवान मत देणार, आणि तेच पाकीट त्याच वाटेनं उलटं येणार. मतमोजणी सुरू होण्याच्या घटकेपर्यंत पोहोचलं तर मत. पाच मिनिटं उशीर झाला तर नुसता कागद! कितीतरी मतं अशी वाटेतच मरत. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पाठवलेल्या टपाली मतपत्रिकांपैकी वैध होऊन परत आलेल्या जेमतेम ४ टक्के होत्या, असं निवडणूक आयोगाचीच आकडेवारी सांगते. शंभर जवानांतल्या शहाण्णवांचं मत मोजणीत आलंच नाही.

मग उपाय काय? पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, हाच आकडा सुमारे ६० टक्क्यांवर गेला. चारावरून साठावर! असं काय घडलं?

कोणीतरी एक साधा प्रश्न विचारला. पाकीट दोनदा प्रवास करतं, जाताना आणि येताना. येताना त्यात जवानाचा गुप्त कौल असतो. तो जपूनच आणायला हवा. पण जाताना त्यात काय असतं? उमेदवारांची नावं. ती तर गावच्या भिंतीभिंतीवर रंगवलेली असतात! त्यात गुप्त असं काहीच नाही. मग जाणारा निम्मा प्रवास कागदानं कशाला करायचा?

बस. एवढीच ती युक्ती. जाताना वीज, येताना कागद. केंद्रीय निवडणूक आयोगानं सी-डॅकच्या मदतीनं ही प्रणाली उभी केली. होय, मुख्यालय पुण्यात असलेली तीच सी-डॅक, जिनं १९९१ मध्ये ‘परम’ महासंगणक देशाला दिला. ऑक्टोबर २०१६ मध्ये निवडणूक नियमांत दुरुस्ती झाली. त्याच वर्षी पुद्दुचेरीतल्या नेल्लीतोपच्या पोटनिवडणुकीत ती पहिल्यांदा वापरली गेली. २०१७ मध्ये गोव्याच्या विधानसभेला ती आली आणि २०१९ ला सगळ्या देशाला. त्या वर्षी सेवा मतदार सुमारे १८ लाख होते. २०२४ पर्यंत ते १९ लाखांच्या आसपास गेले.

आता मतपत्रिका कशी निघते पाहा. उमेदवारांची यादी पक्की झाली की चोवीस तासांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून ती संगणकावरून रवाना होते. सगळ्यांना एकच फाइल नाही हं. प्रत्येक मतदारासाठी वेगळी, वेगळ्या क्रमांकाची, कुलूपबंद केलेली. ती उतरवून घ्यायला एक ओटीपी लागतो. पण उतरवली म्हणजे उघडली असं नाही. उघडून छापायला दुसरा परवलीचा अंक, म्हणजे पिन, लागतो. एक हाती आला तरी दुसऱ्याशिवाय उपयोग शून्य.

छापलं की हाती काय येतं? मतपत्रिका, एक घोषणापत्र, दोन लिफाफ्यांवर लावायचे मजकूर आणि सूचनांचा कागद. घोषणापत्रावर आणि लिफाफ्यांवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड. चहाच्या टपरीवर पैसे द्यायला आपण मोबाइल धरतो, तसलाच.

जवान पसंतीच्या उमेदवारासमोर खूण करतो, बरोबरची किंवा फुलीची. आणि इथं नियमांचं मोठं मन दिसतं. खूण थोडी अस्पष्ट असली, पण कौल कोणाला आहे हे स्पष्ट कळत असेल, तर केवळ तेवढ्यावरून मत बाद करायचं नाही. थंडीनं गारठलेल्या बोटांनी काढलेली फुली जरा वाकडी आली म्हणून तिचं मोल कमी होत नाही. पण दोघांसमोर खूण केली, किंवा मत कोणाचं हे ओळखू येईल असं काही लिहिलं, तर मात्र मत बाद. ‘जय महाराष्ट्र’ लिहून खाली सही ठोकण्याचा मोह आवरायचा!

पुढे मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट येते. या यंत्रणेला एकाच वेळी दोन परस्परविरोधी कामं करायची असतात. एक, हे मत खऱ्या मतदारानंच दिलं आहे आणि एकदाच दिलं आहे याची खात्री. त्यासाठी नाव कळलं पाहिजे. दोन, त्यानं मत कोणाला दिलं हे कोणालाही कळता कामा नये. त्यासाठी नाव लपलं पाहिजे. नाव हवंही आणि नकोही! हे जमणार कसं?

उत्तर आहे लिफाफ्यात लिफाफा. मतपत्रिका आतल्या छोट्या लिफाफ्यात, तो बंद. घोषणापत्रावर जवानाची सही आणि नेमलेल्या अधिकाऱ्याचं साक्षांकन. मग बंद लिफाफा आणि घोषणापत्र मिळून बाहेरच्या मोठ्या लिफाफ्यात. त्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचा पत्ता. तिकीट लावायचं नाही, टपालखर्च सरकारचा.

मोजणीच्या टेबलावर आधी बाहेरच्या लिफाफ्याचा कोड यंत्राखाली धरतात. याच मतदाराच्या नावे आधी एखादा लिफाफा येऊन गेला असेल, तर यंत्र तिथंच सांगतं. मग तो उघडून घोषणापत्र तपासतात. सही आहे? साक्षांकन आहे? क्रमांक जुळतो? एवढं झालं की सगळी बरोबर निघालेली घोषणापत्रं वेगळ्या पाकिटात घालून ते सीलबंद करतात. हे पाकीट सील झाल्याशिवाय आतला एकही लिफाफा उघडायचा नाही, असा नियमच आहे. लक्षात येतंय का काय झालं? नावाचं काम संपलं, नाव कुलपात गेलं, आणि त्यानंतरच मत उजेडात आलं. हातचलाखी नाही, महागडं यंत्र नाही. फक्त कामांचा क्रम! दोन कागदी लिफाफे आणि एक शिस्त यांच्या जोरावर गुप्तता आणि खात्री एकत्र नांदतात.

निकालाच्या दिवशी सकाळी आठ वाजता वाहिन्यांवर ‘टपाली मतमोजणीला सुरुवात’ अशी पट्टी झळकते ना? ती हीच. निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यांची आणि घरून मत दिलेल्या वृद्धांचीही टपाली मतं त्यात असतात. आणि एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. बाद ठरवलेल्या टपाली मतांच्या संख्येपेक्षा विजयाचा फरक कमी निघाला, तर ती सगळी बाद मतं निकाल जाहीर करण्याआधी पुन्हा तपासावीच लागतात. टपालानं आलेल्या एकेका कागदाला एवढा मान आहे.

आपल्या भागापुरती आणखी एक गंमत बघा. लोहा विधानसभा मतदारसंघ नांदेड जिल्ह्यात, पण लोकसभेला तो लातूरमध्ये मोडतो. किनवट आणि हदगाव हिंगोलीत. लातूर जिल्ह्यातला औसा धाराशिवमध्ये. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये एकाच बरॅकमध्ये शेजारी झोपणाऱ्या दोघा नांदेडकरांपैकी नायगावच्या जवानाला विधानसभा आणि लोकसभा अशी दोन मतं होती आणि लोह्याच्या जवानाला एकच, फक्त विधानसभेचं. हा फरक देशभर विखुरलेल्या लाखो नावांमधून अचूक वेगळा काढायचा, योग्य माणसाला योग्य पत्रिका पाठवायची, आणि वेळ किती? माघार ४ नोव्हेंबरला, मोजणी २३ ला. एकोणीस दिवस!

त्याच वर्षीच्या एप्रिल ते जूनमधल्या लोकसभा निवडणुकीची गोष्ट निराळी होती. नांदेडची माघार ८ एप्रिलला झाली आणि मोजणी थेट ४ जूनला, कारण देशभर सात टप्प्यांत मतदान व्हायचं होतं. आपल्याला लांबलचक वाटलेल्या त्या निवडणुकीनं जवानांच्या पाकिटांना जवळजवळ दोन महिने दिले.

आणि समजा पाकिटाचा भरवसाच नको असेल तर? त्यावरही वाट आहे. २००३ च्या दुरुस्तीनं सैन्यदलं आणि सैनिकी कायदा लागू असलेल्या दलांतल्या मतदारांना प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. जवान आपल्या मतदारसंघात राहणाऱ्या एखाद्या सज्ञान माणसाला नेमतो, बहुतेक वेळा बाप, भाऊ किंवा बायको. तो प्रतिनिधी मतदान केंद्रावर जाऊन जवानाच्या नावचं मत देतो. प्रतिनिधी स्वतः मतदार असेल तर तो दोनदा बटण दाबतो, एकदा स्वतःचं आणि एकदा सीमेवरच्या पोराचं. मग शाईचं काय? एकाच बोटाला दोनदा लावून चालणार नाही. नियमकर्त्यांनी हाही विचार केला आहे. स्वतःच्या मताची शाई डाव्या तर्जनीला, प्रतिनिधी म्हणून दिलेल्या मताची डाव्या मधल्या बोटाला. एखाद्या म्हाताऱ्याच्या दोन बोटांना शाई दिसली तर चकित होऊ नका. एक मत त्याचं, एक लेकाचं.

तिसरी वाटही आहे. शांत ठाण्यावर कुटुंबासह राहणारा जवान तिथलाच सर्वसाधारण मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. पण मग गावच्या यादीतलं नाव सोडावं लागतं. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी, ही अट सगळ्यांना सारखी.

आपण नांदेड-लातूरहून बाहेर गेलेल्यांचं बोलतो आहोत. पण उलट दिशेनं पाहिलंत का? मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. लातूरलाही या दलाचं केंद्र आहे. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं. तिथं देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात. लोकसभा निवडणूक आली की बिहारच्या, मणिपूरच्या, तमिळनाडूच्या मतपत्रिका या तळांवर उघडतात, आणि चाकूरच्या उन्हात बसून कोणीतरी इंफाळचा खासदार निवडत असतो. मराठवाड्याच्या मातीतून देशभरच्या निकालांत मतं मिसळत असतात, आणि शेजारून जाणाऱ्या एसटीतल्या प्रवाशांना त्याचा पत्ताही नसतो.

ही मतं इतरांच्या आधी पडतात, हेही विसरू नका. २०१९ च्या लोकसभेसाठी मतदानाचा पहिला टप्पा ११ एप्रिलला होता. पण त्या लोकसभेचं पहिलं मत पडलं ५ एप्रिलला, अरुणाचलातल्या लोहितपूर इथं, इंडो-तिबेट सीमा पोलिसांच्या पशुप्रशिक्षण शाळेत. देशाच्या पूर्व टोकाला, डोंगरांच्या कुशीत, जनावरं शिकवणाऱ्या तळावर कोट्यवधींच्या निवडणुकीचा श्रीगणेशा झाला!

हे सगळं गणवेशातल्या माणसांचं आणि सरकारी नोकरांचं झालं. मग गणवेश नसलेल्यांचं काय?

‘लातूर पॅटर्न’ या अभ्यासपद्धतीनं घडवलेले किती डॉक्टर, किती इंजिनियर आज परदेशी आहेत, हे लातूरच्या कोणत्याही गल्लीत विचारा. २०११ पूर्वी परदेशी राहायला गेलेल्या नागरिकाचं नाव यादीत राहण्याची हमी नव्हती. १० फेब्रुवारी २०११ पासून कायद्यात कलम २०-अ आलं. परदेशी नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला नमुना ६-अ भरून, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येऊ लागलं. घर राखून ठेवायची तीच कल्पना इथंही आली. पण अर्धीच. नाव यादीत येतं, पत्रिका मात्र जात नाही. मत द्यायचं तर पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या मतदान केंद्रावर हजर राहायचं.

यातून काय होतं बघा. वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासात काम करणारा लातूरकर सरकारी नोकर टपालानं मत देऊ शकतो. त्याच शहरात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या त्याच्या वर्गमित्राला मात्र विमानाचं तिकीट काढावं लागतं. दोघेही भारताचे नागरिक, दोघांची नावं लातूरच्या यादीत. परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभेला देशात सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले होते. प्रत्यक्ष येऊन मत देणारे तीन हजारही नव्हते, आणि त्यातले बहुतेक एकट्या केरळचे.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. परदेशस्थांना प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण पुढे लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. नोव्हेंबर २०२० मध्ये निवडणूक आयोगानं कायदा मंत्रालयाला कळवलं की सैनिकांसाठीची संगणकी मतपत्रिका परदेशस्थांनाही देता येईल. वाट अजून खुली झालेली नाही.

जगात इतरत्र काय चालतं? अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात, १८६४ मध्ये, सैनिकांनी रणांगणावरच्या छावण्यांतून मतं दिली होती. १९८६ च्या कायद्यानं तिथं सैनिक आणि परदेशी राहणारे साधे नागरिक एकाच छत्राखाली आले. २००९ च्या दुरुस्तीनं तर मतपत्रिका निवडणुकीच्या ४५ दिवस आधी रवाना झालीच पाहिजे असं बंधन घातलं. पुण्यात नोकरी करणारा अमेरिकन नागरिक घरबसल्या आपल्या राज्याची मतपत्रिका मिळवतो. १९९७ मध्ये टेक्सासच्या कायद्यानं आणखी पुढची मजल मारली आणि त्या वर्षी डेव्हिड वुल्फ या अंतराळवीरानं ‘मीर’ स्थानकावरून मत दिलं. एस्टोनियात २००५ पासून लोक इंटरनेटवरून मत देतात. फ्रान्सच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात तर परदेशी राहणाऱ्या फ्रेंच नागरिकांचे स्वतःचे ११ प्रतिनिधी बसतात.

यातली प्रत्येक वाट आपल्याला जशीच्या तशी पेलेल असं नाही. परक्या देशात साक्षांकन कोण करणार, मालकाच्या किंवा एजंटाच्या दबावाखाली मत दिलं गेलं तर काय, हे प्रश्न खरेच आहेत. पण १९ लाख सेवा मतदारांसाठी जो देश एकोणीस दिवसांत मतपत्रिका सियाचीनला पाठवून मत परत आणू शकतो, त्याला लाख-सव्वा लाख परदेशस्थांचा प्रश्न सुटणार नाही, हे मला पटत नाही. लिफाफ्यात लिफाफा घालायची युक्ती आपल्याकडे आहे. संगणक आपल्याकडे आहे. राहिला आहे तो निर्णय, आणि तो संसदेनं घ्यायला हवा.

तोवर आपल्या हातात असलेली कामं करू या. तुमच्या घरातलं कोणी सैन्यात किंवा निमलष्करी दलात असेल, तर पुढच्या फोनवर त्याला एवढंच विचारा, ‘नमुना दोन भरला का? आपल्या गावच्या यादीच्या शेवटच्या भागात नाव आलं का?’ भरला नसेल तर युनिटमधल्या कार्यालयात चौकशी करायला सांगा. गावच्या यादीत त्याचं जुनं, साधं मतदार म्हणून नाव राहिलं असेल तर ते कमी करून घ्या. तुमची लेक किंवा भाऊ परदेशी असेल आणि पासपोर्ट भारताचा असेल, तर नमुना ६-अ भरून ठेवायला सांगा. आणि हे सगळं निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता करा, कारण उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की यादीत नवं नाव चढत नाही. १,४५७ च्या फरकानं खासदार ठरतो, हे नांदेडनं पाहिलं आहे. तिथं एकही मत वाया जाऊ देणं आपल्याला परवडणारं नाही.